सीटखालची बॅटरी
इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायला आलेल्या माणसाने बूच उघडलं आणि तो आंबट, नाकाला झोंबणारा वास घरभर झाला. हाच वास एकदा आमच्या मेहरूणच्या अंगणात आला होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मेहुण्याने माझ्या पाच वर्षांच्या लेकीसाठी आखातातून बसून चालवायची, बॅटरीवरची खेळण्यातली गाडी आणली होती. वर्षभरात तिची बॅटरी गेली. तशी दुसरी जळगावात मिळेना, म्हणून मी तेवढ्याच व्होल्टची स्कूटरची बॅटरी आणली, आणि ती उभी मावेना तेव्हा सीटखाली आडवी कोंबली. गाडी पुन्हा पळायला लागली, पोरगी दुपारभर उतरेना, आणि मी आपल्याच हुशारीवर खूश होतो. संध्याकाळी बायकोने पोरीचा फ्रॉक पाण्यात घातला तर घेराची चाळण झाली. आडव्या बॅटरीच्या बुचातून ॲसिड झिरपत होतं. पोरीला उजेडात आणलं, तर दोन्ही पोटऱ्या लालभडक. “आग होत होती तर बोलली का नाहीस?” मी विचारलं. ती म्हणाली, “तुम्ही गाडी बंद केली असती, पप्पा.” आता ती सासरी, धुळ्याला असते. फोनवर “सगळं बरं आहे” म्हणाली, की मी लगेच फोन ठेवत नाही.