सोमवारची काडी

सोमवार उजाडला की दुर्गाघाटावरच्या वृद्धाश्रमात कामाला येणारी माणसं नाक मुठीत धरून सुमेधाताईंपुढे उभी राहत. नाकात काडी फिरवायची, थेंब किटवर टाकायचे. एक रेघ आली तर कामाला लागायचं, दोन आल्या तर घरची वाट. ताई कुणालाच सोडत नसत. शेवटचा नंबर त्यांचा स्वतःचा.

आश्रमाची व्यवस्था बघणाऱ्या ताई मूळच्या शेजारच्याच ब्रह्माघाटाच्या. सगळी नोकरी रेल्वेच्या इस्पितळात नर्स म्हणून झालेली, त्यामुळे आवाज खणखणीत आणि स्वतःवर भरवसा दांडगा. कोरोनाच्या आदल्या लाटेत आश्रमातली दोन म्हातारी माणसं मणिकर्णिकेच्या स्मशानात पोचवावी लागली होती. आजार आत आला तो कामाच्या माणसाबरोबर, आणि त्या बिचाऱ्याला साधी शिंकसुद्धा आली नव्हती. ताईंच्या ते फार जिव्हारी लागलं. तेव्हापासून हा सोमवार.

आचारी यज्ञेश्वर सोवळ्यात रांधायचा. आंघोळ करून रेशमी मुकटा नेसला की स्वयंपाक उरकेपर्यंत त्याला कुणी शिवायचं नाही. म्हणून त्याची तपासणी आंघोळीआधी व्हायची. पण पितृपक्षातल्या त्या सोमवारी आश्रमातल्या बकुळआजींच्या यजमानांचं श्राद्ध होतं. वडे, खीर, सगळाच घाट मोठा. घाईघाईत यज्ञेश्वर आंघोळ उरकून, मुकटा नेसूनच आला.

ताई काडी घेऊन पुढे झाल्या, तसा तो चार पावलं मागे सरला. "ताई, शिवू नका! आज रहने दीजिए. नहाऊन झालंय माझं."

"मग पुन्हा नहायचं. काडीशिवाय चुलीपाशी जायचं नाही."

वरून बकुळआजी कडाडल्या, "अगं, तिथी थांबते का तुझ्या काडीसाठी?" आजींची छाती आधीच अधू, रागावल्या की धाप लागायची. ताईंवर त्यांचा पोटच्या लेकीसारखा जीव. आज पानावर शेजारी बसायचं असं त्यांनी ताईंकडून कबूलही करून घेतलं होतं.

"तिथी थांबत नाही, आजी. पण तुम्ही थांबायला हव्या आहात मला," ताई म्हणाल्या. काडी फिरवलीच. यज्ञेश्वरची एकच रेघ आली. पुटपुटत तो पुन्हा आंघोळीला गेला.

आता ताई उरल्या. सकाळपासून घसा जरासा खवखवत होता. घाटावरचा धूर, दुसरं काय! आणि त्यांना विचारणारं कोण होतं? एक सोमवार चुकला असता तर आजींच्या शेजारचं पान तरी रिकामं राहिलं नसतं. त्यांना मोह झाला, अगदी खराखुरा झाला. स्वतःवरच चिडून त्यांनी काडी नाकात घातली.

दोन रेघा आल्या.

ताईंनी मास्क घट्ट केला, औषधांच्या कपाटाची किल्ली पुसून उंबऱ्यावर ठेवली आणि सगळ्यांना लांबूनच बजावलं, "मी खोलीवर चालले. दोन दिवसांनी सगळ्यांनी पुन्हा काडी घालून घ्यायची. आजींना थोडा जरी ताप आला तरी लगेच डॉक्टर." आवाज नेहमीचाच होता. गल्लीपलीकडच्या आपल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

दुपारी श्राद्ध आटोपल्यावर यज्ञेश्वर पान वाढून घेऊन आला. रोजच्या सवयीने तो आत येऊ लागला.

"यज्ञेश्वर, शिवू नका!" ताई ओरडल्या. "तिथंच ठेवा."

तो दचकून थांबला. मग हसला, आणि पान दाराशी ठेवून चार पावलं मागे सरला.

ताईंनी पान उचललं. समोरच्या आश्रमाच्या वरच्या मजल्यावर, खिडकीत बकुळआजी बसल्या होत्या. मांडीवर त्यांचंही पान होतं, न शिवलेलं.

"आजी, जेवला नाहीत अजून? निवलं असेल सगळं!"

"निवू दे," आजी वरून म्हणाल्या. "शेजारी बसायचं ठरलं होतं ना आपलं? तू घे आधी घास, मग मी घेते."