आमच्या रूममेटचं ग्रीक

माझ्या त्या रूममेटइतका हट्टी माणूस पुण्यात दुसरा नव्हता, आणि तो विमानात बसला त्या दिवशी अख्ख्या पुण्याने सुटकेचा निःश्वास टाकला असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तेव्हा घरटी एक पोरगा मास्टर्स करायला ऑस्ट्रेलियाला निघाला होता. त्याच लाटेत आम्ही दोघं अ‍ॅडलेडला, मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत येऊन पडलो आणि जवळच एका ग्रीक आजींच्या घरामागची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच आठवड्यात वॉशिंग मशीन सुरू करण्याआधी याने त्याचं माहितीपुस्तक पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं. तोवर माझे कपडे बादलीत धुऊन वाळलेसुद्धा होते.

आजी एकट्या राहायच्या. अंजिरं, लिंबं, काही ना काही आमच्या दाराशी ठेवून जायच्या आणि "ईट, ईट! टू थिन!" म्हणून दटावायच्या. एके दिवशी त्यांना मेंदूचा झटका आला. हातपाय सावरले, पण पन्नास वर्षं वापरलेलं इंग्रजी साफ पुसलं गेलं. उरलं ते फक्त लहानपणचं ग्रीक. मेलबर्नहून मुलगी धावत आली, पण तिला ग्रीक जेमतेमच येत होतं. "शी कान्ट इव्हन टेल मी व्हॉट हर्ट्स," ती रडवेली होऊन म्हणाली. आईला वृद्धाश्रमात ठेवण्यावाचून तिच्यापुढे मार्गच नव्हता.

"वेट टिल ईस्टर. आय विल लर्न ग्रीक," हा तिला म्हणाला. खोलीत आल्यावर मी त्याला वेड्यात काढलं, तर मलाच म्हणतो, "अरे, अर्धं ग्रीक इंजिनिअरिंगलाच झालंय की! अल्फा, बीटा, थीटा, सिग्मा. राहिलंय काय?"

दहावीला संस्कृतात शंभरपैकी शंभर मिळवलेला माणूस तो. लायब्ररीतून जाडजूड पुस्तक आणून त्याने 'देवः देवौ देवाः'च्या चालीवर ग्रीक घोकायला सुरुवात केली. तो घोकत घोकत युनिव्हर्सिटीजवळच्या तळ्याकाठी आला की बदकं पलीकडच्या काठाला जायची. "तीन लिंगं आहेत, विभक्त्या आहेत, अगदी आपल्या घरच्यासारखं आहे रे!" असं तो भरल्या गळ्याने सांगायचा. ताप आला म्हणून डॉक्टरकडे नेलं, तर तिथेही डॉक्टरच्या तोंडचा एकेक शब्द मूळचा ग्रीक कसा, हे त्यालाच समजावत बसला. औषध घ्यायचं मात्र विसरला.

दोन महिन्यांनी इस्त्रीचा शर्ट घालून तो आजींसमोर उभा राहिला आणि पाठ केलेली वाक्यं खणखणीत आवाजात म्हणाला. आजींनी डोळे मिटून छातीवर क्रूस काढला. त्यांना ती चर्चमधली प्रार्थना वाटली! शिकायचं तर मूळचंच, असं ठरवून या पठ्ठ्याने अडीच हजार वर्षांपूर्वीचं ग्रीक शिकून ठेवलं होतं. मंडईत उभं राहून संस्कृतात मेथीची जुडी मागावी, तसला प्रकार.

दुसरा कोणी असता तर तिथेच हात टेकले असते. ईस्टरला पाच आठवडे उरले होते. याने पुस्तक परत केलं, एक विषय सोडला आणि रोज दुपारी आजींच्या स्वयंपाकघरात जाऊन बसू लागला. हा कांदा दाखवायचा, आजी नाव सांगायच्या. चुकलं की लाकडी चमचा हातावर बसायचा. स्वयंपाकाच्या त्याच्या सगळ्या पाळ्या मी केल्या, कुरकुरत का होईना.

ईस्टरला मुलगी आली. आजी तिचा हात धरून बराच वेळ बोलल्या.

"व्हॉट डिड शी से?"

"डावा गुडघा दुखतो. पांढऱ्या गोळीने चक्कर येते, म्हणून ती कुंडीत टाकते," त्याने इंग्रजीत सांगितलं. मग म्हणाला, "आणि म्हणते, मला इथून हलवू नकोस."

आजी शेवटपर्यंत त्याच घरात राहिल्या. मुलगी रोज फोन करायची आणि हा मध्ये बसून दोघींचं बोलणं एकमेकींना पोचवायचा.

आता तो कॅनबेराला गुंगालिनमध्ये असतो, मी सिडनीत टूनगॅबीला. माझी मुलगी माझ्या प्रत्येक मराठी वाक्याला इंग्रजीत उत्तर देते. परवा न राहवून मी त्याला फोनवर विचारलं, "माझं इंग्रजी असंच पुसलं गेलं तर रे?"

"मग मी कशाला आहे? येईन की," तो त्याच जुन्या हट्टाने म्हणाला.

तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे. म्हणजे आधी मलाच कॅनबेराला जावं लागेल.