कुंभकोणमची निसण

गाडीचा वेग मंदावला तशा खिडकीतून आधी केळीच्या बागा दिसल्या, मग भाताची खाचरं आणि मग एकामागून एक गोपुरं (देवळांची उंच प्रवेशद्वारं). कुंभकोणम आलं. माझ्या पिशवीत एकाच पुस्तिकेच्या पंधरा प्रती होत्या. त्यांचा इथे मी ठरवलेला उपयोग होणार नव्हता, पण ते मला दोन दिवसांनी कळायचं होतं.

मी सांगलीला शाळेत विज्ञान शिकवते. अंतराळात जायला रॉकेटऐवजी एक लांबच लांब दोर वापरता येईल, अशी एक कल्पना शास्त्रज्ञ बरीच वर्षं मांडत आले आहेत. दोराचं एक टोक विषुववृत्तावर बांधलेलं, दुसऱ्या टोकाला आकाशात वजन, आणि मधून वर चढत जाणारे डबे. मुलांसाठी त्यावर एक छोटी पुस्तिका निघाली आहे, आणि ती जगातल्या जमतील तितक्या भाषांत नेण्याचं काम काही हौशी मंडळी करतात. मराठी मी केली. तमिळही झाली होती. मग एक दिवस कुंभकोणमहून पत्र आलं: ‘आमच्या मराठींत करावयाची अहे. एकदां येवून जावें.’

पत्र अंबुजाबाईंचं होतं. तंजावरला मराठ्यांचं राज्य असताना जी घराणी इकडे आली आणि इथलीच झाली, त्यांतल्या एका घरातल्या त्या. मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या. फलाटावर त्या स्वतः आल्या होत्या, केसांत मोगरा माळून.

“येवा. कोठें बसलां होतां? मी तीन डबे पाहिले.”

मी धडाधड उत्तर दिलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “हळू बोला. तुमची मराठी पळते.”

घरी पितळी पेल्यातून फेसाळ कॉफी आली आणि दुपारी केळीच्या पानावर भात, सांबार आणि दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ. “याला काय म्हणता?” मी विचारलं. “डांगर,” त्या म्हणाल्या. आमच्याकडेही डांगरच म्हणतात. तीनशे वर्षं कोणी कोणाला विचारलं नाही, तरी दोन्हीकडे नाव तेच राहिलं होतं.

पंगतीला त्यांचे थोरले बंधू सेतुराव होते. आयुष्यभर पूल बांधलेले इंजिनियर. बहिणीचा हा उद्योग त्यांना पटलेला नव्हता, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. “आपली भाषा उंबऱ्याच्या आंतली,” ते म्हणाले. “पायांत चप्पल घातली कीं तमिळ. तिला आकाशांत कशाला धाडतेस, अंबू?”

अंबुजाबाईंनी भाताचं पातेलं पुढे ओढलं. मला आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जेवणाच्या टेबलाशी कामाला बसलो आणि पहिल्याच पानावर अडलो. माझ्या पुस्तिकेचं नाव होतं ‘अंतराळ उद्वाहक’. लिफ्टला सरकारी मराठीत उद्वाहकच म्हणतात.

“उद्वाह म्हणजे लग्न, न?” अंबुजाबाई म्हणाल्या.

शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले सेतुराव मोठ्याने हसले. मलाही हसू आवरेना. इतकी वर्षं इमारतींत तो शब्द वाचला, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. हसणं ओसरल्यावर अंबुजाबाई म्हणाल्या, “निसण म्हणूं या. अंतराळाची निसण.”

निसण म्हणजे शिडी. जुन्या कोशात मी तो शब्द पाहिला होता. “पण हा आता कोणी वापरत नाही,” मी सहज म्हणाले.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. “मी वापरतें,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

अर्धा तास मी तशीच बसून राहिले. मग चपला घालून बाहेर पडले आणि महामहम तलावाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. ऊन कडक होतं. थोड्या वेळाने शेजारी छत्री उघडल्याचा आवाज आला. सेतुराव माझ्यामागून चालत आले होते.

“रागावली नाहीं ती,” ते म्हणाले. “तिला लागलें.” मग त्यांनी सांगितलं, “अंबू शिकली इंग्रजींत, शिकवलें तमिळींत. आमची आई रोज विचारायची, शाळेंत काय सांगतेस गं? ही म्हणायची, कांहीं तरी सांगतें. आईला समजेल असें सांगायला हिच्यापाशीं शब्द नव्हते. आई गेली. तें हिच्या मनांतून गेलें नाहीं.”

“मग तुम्ही विरोध का करता?”

“मुलें ऐकणार नाहींत. तिला परत लागेल.”

मी परतले तेव्हा अंबुजाबाई स्वयंपाकघरात शेवग्याच्या शेंगा चिरत होत्या. दारातूनच म्हणाले, “माझं चुकलं. निसणच ठेवू. मी माझ्याही पुस्तिकेत तोच घालते.”

“दया म्हणून नको.”

“नाही. उद्वाहकापेक्षा चढायला सोपा आहे.”

त्यांनी विळी मिटली, हात पुसले आणि पेन शोधू लागल्या.

दोन दिवसांत मजकूर तयार झाला. रविवारी नात्यातली मुलं जमणार होती, म्हणून मी सांगलीहून आणलेल्या प्रती बाहेर काढल्या. त्यांतलीच चित्रं दाखवू आणि नवा मजकूर देवनागरीत लिहून वाटू, असा माझा बेत. अंबुजाबाई ओशाळल्या. “मुलांना ही अक्षरें येत नाहींत. घरांत मराठी ऐकतात, वाचतात तमिळ.” शनिवारभर बसून त्यांनी सगळी पुस्तिका तमिळ अक्षरांत लिहून काढली. मी माझ्या प्रतींतली चित्रं कापून चिकटवून दिली. आमच्याच मराठीतलं एकही अक्षर मला वाचता येत नव्हतं.

रविवारी माडीवर अकरा मुलं आली. काही सुटीला चेन्नईहून आलेली. अंबुजाबाई उभ्या राहिल्या. “माझ्या आईला हें सांगायचें राहिलें,” त्या म्हणाल्या. “तुम्हांला सांगतें.” आणि वाचू लागल्या. मुलं शांत होती, पण ती शांतता कंटाळ्याची आहे की लक्ष देऊन ऐकण्याची, ते कळत नव्हतं. दोघांनी फोन काढले. अंबुजाबाईंचा आवाज उतरत गेला. वाचून संपल्यावर त्यांनी पुस्तिका मिटली. दारात उभ्या सेतुरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तेवढ्यात धारिणी नावाची चौदा-पंधरा वर्षांची मुलगी तमिळमध्ये काही विचारू लागली.

“आपल्यांत विचार,” अंबुजाबाई हळूच म्हणाल्या.

मुलगी अडखळली. कानापर्यंत लाल झाली. “दोर... दोर तुटला तर?”

अंबुजाबाईंनी तोंड उघडलं, पण शब्द सापडेना. मी पुस्तिकेत ‘ताण’ हा शब्द लिहिला होता. तो त्यांना मानवला नव्हता. तेव्हा सेतुराव आत आले. “तेर (देवळाचा रथ) ओढलास न, धारिणी? दोर हातांत कसा लागतो? सैल कीं ताठ?”

“ताठ.”

“कां? पुढून अम्ही ओढतों, मागून रथ ओढतो. तसेंच हें. खालून पृथ्वीची ओढ, वरून फिरणाऱ्या वजनाची ओढ. दोन्ही ओढी अहेत तोंवर दोर उभा. तुटला तर खालचा भाग पडेल, वरचा निघून जाईल, दूर.”

ओढ. शाळेत इतकी वर्षं मी ताण शिकवत आले आहे. जवळ ओढणाऱ्या आणि दूर नेणाऱ्या बळाला इतका आपला शब्द हाताशी असताना मला तो सुचला नव्हता. मी अंबुजाबाईंकडे पाहिलं. त्या भावाकडे बघत होत्या, आणि भाऊ खडू शोधत होता.

मग प्रश्न थांबेनात. अर्धे तमिळ, अर्धे मराठी. वर पोचायला किती दिवस? आठवडा तरी. वाटेत जेवण काय? “दहीभात,” अंबुजाबाई म्हणाल्या, आणि माडी हसली.

निघताना त्यांनी हस्तलिखिताची एक नक्कल माझ्या हातात ठेवली. “वाचतां येणार नाहीं तुम्हांला. तरी असूं दे.”

चेन्नईच्या गाडीत मी ती उघडून चित्रं बघत होते. मायिलाडुतुरैला चढलेल्या समोरच्या बाईंनी कुतूहलाने हात पुढे केला. त्यांनी पहिली ओळ मोठ्याने वाचली आणि थबकल्या. पुन्हा वाचली. “इदु तमिळ इल्लैये,” त्या म्हणाल्या. हे तमिळ नाही. मी खुणेनेच म्हटलं, वाचा ना. त्या अक्षर लावत वाचू लागल्या. तमिळ लिपीत निराळी अक्षरं नसल्याने ‘द’चा ‘त’ होत होता, ‘भ’चा ‘प’, पण मला शब्दन् शब्द कळत होता. माझी मान हलताना पाहून त्यांना गंमत वाटली. प्रत्येक ओळीनंतर त्या थांबायच्या, मी मोडक्या इंग्रजीत अर्थ सांगायची, त्या “अप्पडिया?” (असं का?) म्हणायच्या आणि पुढची ओळ घ्यायच्या.

त्यांच्याकडे अक्षरं होती, माझ्याकडे अर्थ. विळुप्पुरम येईपर्यंत आम्ही दोघींनी मिळून ते मराठी पुस्तक वाचून संपवलं.