मागचं दार उघडं होतं

दुपारचं आवरलं की आम्ही दोघं टीव्हीसमोर बसायचो आणि खुनाचे, पाठलागाचे सिनेमे बघायचो. आमचे हे आयुष्यभर फौंड्रीत होते. तिथल्या आवाजात माणसाशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ती सवय निवृत्त झाल्यावरही गेली नाही. घरात यांनी मीठ मागितलं तरी उचगावच्या आमच्या अख्ख्या गल्लीला कळायचं की आज आमटी अळणी झालीय.

सिनेमातली बाई माडीवर कसला आवाज आला म्हणून एकटीच जिना चढायला लागली की यांचा पारा चढायचा. "अगं, कुठं चाललीस मरायला? पळ की गं!" ती गुंडासमोर नुसती उभी राहिली तर, "वरड की! तोंड न्हाय व्हय तुला?" मी ब्लाऊजची हातशिलाई करत बसलेली असायचे, पण माझंही तोंड काही बंद नसायचं. धडधाकट बाई सपाट रस्त्यावर पळताना पडतेच कशी, हा माझा नेहमीचा प्रश्न. पिक्चर संपला की हे निकाल द्यायचे, "माणूस असं वागत न्हाय." मी मान डोलवायचे. काठावर बसून पोहायला शिकवायला काय जातंय?

आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवतो. त्यामुळे संध्याकाळी आमच्या घरी कोणी आलं की त्याला चहा विचारण्याआधी ताट वाढायची आमची पद्धत. उशीर केला तर पाहुणा उपाशी जायचा आणि बोल आपल्याला लागायचा. आणखी एक पद्धत आहे. आलेल्या माणसाला पाणी देण्याआधी, त्यानं दोन घास खाण्याआधी, "तुम्ही कोण?" असं विचारायचं नाही. सासूबाईंनी मला हे लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. नातं आपोआप कळतं, म्हणायच्या, आणि इतकी वर्षं ते कळतही आलं.

त्या दिवशी हे जेवायला बसले होते आणि मी भाकरी करत होते. दारातून आवाज आला, "अण्णा हाईत का घरात?" गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा यांना अण्णाच म्हणतं. मी डोकावून पाहिलं. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. "चंदगडास्नं आलोय, अक्का. पत्रिका द्यायची हाय," म्हणाला. माझ्या धाकट्या जावेचं माहेर तिकडचं. म्हटलं, तिच्याच भावकीतला असणार. "या पावणं, बसा. दिवस मावळायला आलाय, दोन घास खाऊन घ्या," मी म्हणाले, आणि पाण्याचा तांब्या देऊन यांच्या शेजारी त्याचं ताट वाढलं. गरम भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी. भाजीवर कच्चं तेल घालू का, असंही विचारलं.

त्यानं पिशवीत हात घातला. मला वाटलं पत्रिका काढतोय. त्यानं सुरा काढला आणि यांच्या मानेला लावला.

"आवाज न्हाय. अक्का, गळ्यातलं काढा. हातातलं बी."

यांच्या तोंडात घास होता. तो त्यांनी गिळलाही नाही आणि थुंकलाही नाही. गाल फुगलेला, उजवा हात ताटात, आणि डोळे माझ्याकडे. मी वाट बघत होते. खरंच वाट बघत होते की आता हे ओरडतील, गल्ली गोळा होईल. ज्या आवाजानं दोन गल्ल्यांपलीकडची कुत्री भुंकायची, तो आवाज आता येईलच. तो आला नाही.

भीतीनं बोबडी वळते म्हणतात, दातखीळ बसते म्हणतात. मला तसलं काही झालं नाही. काहीच झालं नाही. दाढ काढताना डॉक्टर सुई देतात आणि मग ते दाढेला काय करताहेत ते कळतं, पण लागत नाही, तसं सगळं दिसत होतं. तव्यावरची भाकरी करपेल म्हणून मी आधी गॅस बंद केला. मंगळसूत्र काढून टेबलावर ठेवलं. पाटल्या मात्र निघेनात. लग्नात हात काडीसारखे होते, आता मनगट भरलंय. मी ओढून पाहिलं, पिळून पाहिलं. मग मी त्या माणसाला विचारलं, "साबण लावून आणू का?"

तो म्हणाला, "आणा."

मी मोरीत गेले. आमच्या मोरीला लागूनच मागचं दार आहे, आणि ते सताड उघडं होतं. दारापलीकडे परस, परसाला कमरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे शेजारीण वाळलेले कपडे काढत होती. ती मला रोज त्याच वेळी जे विचारते तेच तिनं विचारलं, "झालं का जेवाण?"

"व्हय, बसलोय," मी म्हणाले.

मग मी हाताला साबण लावला. भरपूर फेस केला. पाटल्या सैल झाल्या तशी फेसाळलेले हात पुढे धरून मी आत आले आणि त्याच्यासमोर त्या काढून दिल्या. एक निसटून आमटीच्या वाटीत पडली, तर मी ती धुऊन दिली.

सिनेमात कोणी असं दाखवलं असतं तर आम्ही दोघांनी टीव्ही फोडला असता.

तो पुढच्या दारानं गेला. जाताना दार ओढून घेतलं. हे उठले, मोरीत जाऊन घास थुंकले आणि खुर्चीत येऊन बसले. मी त्याच्या ताटावर झाकण ठेवलं. का ठेवलं कोण जाणे. सूर्य मावळला होता, त्यामुळे जेवणाचा प्रश्न मिटला. आम्ही दिवाही लावला नाही. थोड्या वेळानं शेजारीण माझी वाटी परत द्यायला आली, आणि वाटी घेताना माझे मोकळे हात तिला दिसले. ओरडली ती. आमच्या घरातलं ओरडणं शेवटी तिनं केलं.

मग गल्ली जमली, पोलीस आले, नातेवाईक आले. जो येईल तो आम्हाला पिक्चर बघितल्यासारखा बघायचा. "मागचं दार उघडं हुतं न्हवं? मग?" "शेजारीण समोर हुती, नुसती खूण करायची की!" समोरच्या घरातली बाई म्हणाली, "चटणीचा डबा डोळ्यात ओतायचा." मी म्हटलं, "तुमच्या घरातली कांदा-लसणाची चटणी आमच्यात कुठली? आमचं साधं तिखट. पाव्हण्याला पुरलं नसतं." सगळे हसले. मीही हसले. मला काही वाटत नव्हतं. मुलगी पुण्याहून आली, माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मी तिच्या खांद्यावरून बघत होते की दूध उतू जाईल.

शेजारणीला मात्र फार लागलं. तिनं गल्लीभर सांगितलं, "दार उघडं असून नवऱ्यासाठी माघारी गेली." बायका माझ्याकडे आदरानं बघायला लागल्या. मी खोडून काढलं नाही. पण तेव्हा माझ्या मनात नवराही नव्हता आणि मीही नव्हते. साबण आणते म्हणाले होते, म्हणून साबण घेऊन आले.

माझं निभावलं. यांचं नाही. माझ्या थोरल्या भावानं, चेष्टेनंच, विचारलं, "दाजी, तुमचा आवाज कुठं गेलता?" हे हसले. त्या दिवसापासून यांचा आवाज खरंच गेला. घसा तपासला, काही नाही. बोलायचे, पण इतकं हळू की मला जवळ जावं लागायचं. आमटीत मीठ नसलं तरी मुकाट खायचे. घास बराच वेळ तोंडात धरून ठेवायचे, आणि मी समोर बसून त्यांच्या गालाकडे बघायचे. तो घास खाली जाईपर्यंत माझाही उतरायचा नाही. सोनं गेलं त्याचं मला काही नव्हतं. हा माणूस असाच राहिला तर, एवढी एकच भीती होती. तीसुद्धा लांबून ऐकू येणाऱ्या भोंग्यासारखी, कळायची पण अंगाला लागायची नाही.

टीव्ही बंदच होता. मुलीनं फोनवर बजावलं होतं, "आई, तसले पिक्चर आता लावू नकोस." बरेच महिने मी ऐकलं. मग एका दुपारी मला रागच आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. मी मुद्दाम तसलाच एक लावला, आवाज मोठा केला आणि शिलाई घेऊन बसले. म्हटलं, चिडू दे, रडू दे, काहीतरी होऊ दे.

पडद्यावर घरात माणूस शिरला. बाई एकटी. आता ती जिना चढणार आणि हे ओरडणार, म्हणून मी सुई थांबवली. पण ही बाई हुशार निघाली. दबकत मागच्या दारानं बाहेर पडली, भिंतीवरून उडी मारली, न पडता पळाली आणि पळता पळता पोलिसांना फोनसुद्धा लावला. इतकी वर्षं आम्ही बायकांना जे जे करायला सांगत होतो, ते सगळं तिनं केलं.

"माणूस असं वागत न्हाय," हे म्हणाले.

मी टीव्ही बंद केला. ते पडद्याकडेच बघत होते.

"तू साबण आणायला गेलीस न्हवं," ते म्हणाले, "मला वाटलं, गेलीस तू. मागनं सुटलीस. लई बरं वाटलं मला. म्हटलं, आता ह्यो काय करंल ते करू दे." मग त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "आन् मग तू आलीस. हात फ्यासानं भरल्यालं."

मी म्हटलं, "तसल्या हातांनी कुठं पळणार हुते?" त्यांना हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. त्यांनी माझा हात ओढून मांडीवर घेतला. मनगटावर पाटल्यांच्या जागी अजून पांढरट कडी आहेत, त्यांवरून अंगठा फिरवला. कितीतरी महिन्यांनी मला काहीतरी लागलं, तिथंच, त्या कड्यांवर.

"पळायचं की गं," हे म्हणाले. टीव्हीतल्या बायकांना ओरडून सांगायचे तेच. फक्त शेजारच्या खोलीतही ऐकू जाणार नाही, एवढ्या हळू.