वरच्या मजल्यावरचं आमचं लग्न

माझ्या लग्नाचे फोटो माझ्या घरात नव्हते, माझ्या डोक्यावर राहत होते. डोक्यावर म्हणजे खरोखरच. हिंदी मुलखातल्या मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत आम्ही खालच्या मजल्यावर आणि वर नागपूरचे एक इंजिनियर. त्यांच्याकडे जेवणाच्या डब्याएवढा एक काळा डबा होता, त्याला निळा दिवा. घरातले फोटो, गाणी, कागद सगळं त्या डब्यात ठेवायचं आणि वायफायवरून टीव्हीवर, फोनवर हवं तिथं बघायचं. आमच्या हिनं विकास नगरच्या दुकानातून लग्नाचा आल्बम स्कॅन करून आणला, तो फोनमध्ये मावेना. वरचे लगेच म्हणाले, "वहिनी, ठेवा ना माझ्याकडे. जागाच जागा आहे!"

ठेवले. पाठोपाठ कॉलनीतल्या सगळ्या मराठी घरांचे गणपती, मुंजी, बारशी जिना चढून वर गेली. दसऱ्याला आम्ही मराठी मंडळी एकमेकांकडे सोनं द्यायला जातो. आपटा इथं कुठला, कचनारचीच पानं. जातात सगळ्यांकडे, पण बसतात एकाच घरी. ते घर वरचं झालं. आमच्याकडे पान हातात ठेवायचे, लाडू तोंडात टाकायचे आणि वर! मग छतातून हिचा आवाज यायचा, "अय्या, किती बारीक होते हो हे!" वर माझं कौतुक चाललेलं आणि खाली मी जाडा एकटाच लाडवाच्या ताटाशी. हट्टानं गेलो नाही. इतका जळलो, इतका जळलो, की त्या वर्षी अख्ख्या कॉलनीच्या छतांना ओल आली, आमचं तेवढं खालून सुकत राहिलं.

दिवाणाखाली आमचा जुना डेस्कटॉप पडून होता. मुलगी पहिलीत असताना घेतलेला, ती आता कॉलेजात. मी जाहीर केलं, "याचा सर्व्हर करणार. वरच्यांच्या डब्याचा बाप!"

मुलीनं एक डोळा फोनमधून काढला. "पापा, ये कंप्यूटर नहीं, टैंक है."

"टँकच हवाय," मी म्हटलं. "लढाई आहे."

ही कणीक मळत होती. तिनं अट घातली, "दसऱ्यापर्यंत न रुसता चालला, तर आपले फोटो खाली आणू. आणि सगळ्यांना आपल्याकडेच बसवू. नाहीतर पुन्हा वरच्या भाऊजींबद्दल कुरकुर करायची नाही. बोला."

बोललो. पणाला लग्न होतं, दुसरं काय!

डेस्कटॉप उघडला तर आतून इतकी धूळ निघाली की मलिहाबादच्या एखाद्या बागवाल्यानं त्यात दशहरीचं कलम लावलं असतं आणि पुढच्या जूनमध्ये आंबे खाल्ले असते. एक पाल निघाली, ती माझ्याकडे घरमालकिणीसारखी बघत निघून गेली. धूळ झटकली, रॅम वाढवली, दोन मोठ्या हार्ड डिस्क बसवल्या. दोन अशासाठी, की एकीत जे लिहायचं तेच दुसरीत. एक गेली तर दुसरी आहेच. पेन ड्राइव्हवरून फुकट मिळणारी सर्व्हरची प्रणाली चढवली, राउटरला वायर जोडली, मॉनिटर आणि कीबोर्डला निरोप दिला. आंब्याच्या रिकाम्या पेटीवर त्याची स्थापना केली आणि बटण दाबलं.

आवाज असा झाला की बाहेर सब्जीवाल्या भैयानं ठेला थांबवला. "साहब, आटा चक्की लगवा ली?"

पण चालला! महिना चालला. मी ऑफिसातून फोन करायचो, "तब्येत कशी आहे?" ही म्हणायची, "माझी बरी आहे." मी म्हणायचो, "तुझी नाही." शेवटी दसरा दोन दिवसांवर आला, तेव्हा वचनाला जागून ती वर गेली आणि लग्न खाली घेऊन आली. एका पोर्टेबल डिस्कमध्ये, पदराखाली धरून.

मग आली खंडेनवमी. आमच्या घरचा रिवाज असा, की नवमीला सगळी हत्यारं पूजेला मांडायची. पाने, पकडी, झाडून सगळे स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर. आणि दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत पूजेतल्या हत्याराला हात लावायचा नाही.

"मग हा बंद करा," हिनं सर्व्हरकडे बोट केलं. "तोही हत्यारच."

"सर्व्हर कधी झोपत नाही," मी म्हटलं. "पूजेत समई विझवतो का आपण?"

तिला पटलं. माझं हे असं होतं, मी चुकीच्या वेळी फार पटवून देतो. हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आणि चालू यंत्रावर आम्ही दोघांनी मिळून मूठभर अक्षता टाकल्या. नेमक्या वरच्या जाळीवर.

खाली पंखा होता. त्यानं त्या अक्षता घेतल्या आणि परत आमच्यावर उधळल्या. तड तड तड! हिच्या केसांत, माझ्या चष्म्यावर, थेट मुलीच्या चहात. मुलगी म्हणाली, "वाह! दोबारा शादी हो गई." एवढं बोलून होतंय तोवर घर्र झालं, पंखा अडकला, आणि आतून तापून सर्व्हर आपणहून बंद पडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉलनी आमच्याकडे बसायला येणार. सर्व्हर उघडायचा तर स्क्रू ड्रायव्हर हवा, आणि ते सगळे झेंडूखाली, हिच्या पहाऱ्यात. दसऱ्याच्या दुपारी मी दात आवळून जिना चढलो.

"स्क्रू ड्रायव्हर आहे का एखादा?"

"कसा देऊ भाऊ? माझे बी पूजेत आहेत ना," वरचे म्हणाले. "तो काळा डबा बी बंद करून पूजेत ठेवला. पूजा म्हणजे पूजा. काहून, काय झालं?"

सांगावं लागलं. मग तो माणूस हसला, बाप्पा! ते हसणं चारबाग स्टेशनात उतरलेल्या प्रवाशांनी ऐकलं असेल. आणि न बोलावता खाली आला. हत्यार वापरायचं नाही ना? त्यानं हिच्याकडून बटाटे सोलायचं सोलाणं मागितलं. त्याच्या टोकानं स्क्रू फिरवले, मुलीचा भुवयांचा चिमटा घेऊन पंख्यातला एकेक दाणा वेचला. मुलगी ओरडत होती, "अंकल, वो मेरा है!" मी टॉर्च धरून उभा. माझ्या सर्व्हरच्या पोटात त्याचे हात, आणि मी नुसता उजेड देतोय!

चालू झाला. चक्कीच्या आवाजात. संध्याकाळी सगळी कॉलनी आमच्याकडे बसली, लाडवाचं ताट रिकामं झालं. ही प्रत्येकाला कचनारचं पान देताना सांगत होती, "भाऊजी होते म्हणून हो! सोलाण्यानं उघडला!" मी जिंकलो होतो आणि टाळ्या वर जात होत्या.

सगळे उठले तरी वरचे बसून. जरा वेळानं म्हणाले, "तुमच्यात डिस्क दोन आहेत ना? माझ्या डब्यात एकच. गेली की सगळं गेलं. महिनाभर तुमची चक्की वरून ऐकून राहिलो, खरं सांगतो, जळून राहिलो होतो. आमचं लग्न ठेवता का खाली?"

अहाहा! असा क्षण माणसाच्या आयुष्यात एकदाच येतो. मी चष्मा काढला. पुसला. अख्खं विकास नगर मावलं असतं एवढी जागा रिकामी होती.

"बघतो," मी म्हटलं. "जागेची जरा अडचण आहे."

"काही अडचण नाही," ही आतून म्हणाली. "आणा हो भाऊजी, पूजा उठली की आणा."

आणलं. पहिलाच फोटो टीव्हीवर आला. वरचे, बारीक, फेटा बांधून, पांढऱ्याशुभ्र घोड्यावर. मी माझ्या लग्नाला सासऱ्यांच्या स्कूटरवर मागे बसून गेलो होतो.

"बघा तरी," ही म्हणाली, "भाऊजी काय रुबाबदार दिसताहेत!"

मी बराच वेळ बघितलं.

"घोडा चांगला आहे," मी म्हटलं.