कोथिंबीर कोणी धुतली

नवसाबाईने माझ्या दाराची बेल आजवर कधी वाजवलेली नाही. ती जिन्यातूनच ओरडते, "बाई, पातेलं आणा!" आणि मी पातेलं शोधून बाहेर येईपर्यंत तिची पाटी उतरलेली असते, शेजारणीशी तिचं भांडणही सुरू झालेलं असतं. इंदिरानगरातल्या आमच्या गल्लीत ती किती वर्षं येते हे आता तिलाही सांगता येणार नाही. मखमलाबादच्या पलीकडे पाटाच्या कडेला तिची थोडी जमीन आहे. नवरा भिका, गुडघे गेल्यापासून बांधावर बसून पाखरं हाकतो आणि बायको कशी चुकते ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. बाकी सगळं हिच्या अंगावर. मेथी, पालक, शेपू, आणि खरा तोरा कोथिंबिरीचा.

ती कोथिंबिरीची जुडी हातात देत नाही. आधी उलटी करून मुळं दाखवते. "बघा, पोरीच्या दातावानी हायेत का नाय?" मुळं खरोखरच पांढरीशुभ्र असायची. मातीचा कण नाही. आम्हा शहरातल्या बायकांना भाजी शेतातली हवी, पण शेत तिला चिकटलेलं नको. हे तिने फार पूर्वी ओळखलं होतं. मी भाव पाडायला लागले की म्हणायची, "तुमी इंग्रजी शिकवली म्हनून काय मेथी फुकट द्यायची का?" मी कॉलेजात इंग्रजी शिकवत असे, हे सगळ्या गल्लीला तिनेच सांगितलं.

तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाचं मुलींचं वसतिगृह. एका ट्रस्टचं आहे. पेठ, सुरगाण्याकडच्या मुली तिथे राहून शिकतात. मेसचा ठेका सोमनाथ नावाच्या तरुणाकडे. गोड बोलणारा, कपाळाला गंध, प्रत्येक बाई त्याची मावशी. नवसाबाईची अर्धी पाटी सोमनाथकडे रिकामी व्हायची आणि मग ती आमच्याशी भांडायला मोकळी.

दिवाळीची सुट्टी संपवून मुली परतल्या आणि थोड्याच दिवसांत वसतिगृहात आजार पसरला. उलट्या, जुलाब, ताप. बहुतेक जणी आठवडाभरात उठल्या. सृष्टी नावाची पेठकडची एक मुलगी मात्र उठेना. तिच्या मूत्रपिंडांवर आलं. बाप कोंडाजी गाव सोडून दवाखान्याच्या जिन्याखाली येऊन राहिला.

ट्रस्टने चौकशीला तिघांची समिती नेमली. अहवाल लिहिला अश्विनने. तो एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो; एके काळी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसून जांभया द्यायचा. अहवाल इंग्रजीत. ज्यांच्या मुली आजारी पडल्या त्यांच्यातल्या एकालाही इंग्रजी येत नाही, पण ट्रस्टच्या लेटरहेडवर मराठी बरी दिसत नाही, दुसरं काय!

अहवाल यायच्या आधीच गल्लीचा निकाल लागला होता. आजार भाजीतूनच आला म्हणत सोमनाथने नवसाबाईची भाजी बंद केली. मग शेजारणींनी दारं उघडणं बंद केलं. ती जिन्यातून हाक मारायची आणि वरून फक्त कड्या लागल्याचे आवाज यायचे. एक दिवस ती पाटी न घेताच माझ्याकडे आली. हातात अहवालाची घडी घातलेली प्रत. वसतिगृहाच्या वॉचमनकडून आणली होती.

"बाई, यात माझं नाव हाय का, तेवढं सांगा."

मी चष्मा लावून वाचला. नमुने घेण्यात आले. पाणी तपासण्यात आलं. कोथिंबीर दूषित पाण्यात धुतली गेली होती असं आढळून आलं. ती पुन्हा न धुता पोह्यांवर वापरण्यात आली असंही आढळून आलं. शुद्ध, इस्त्रीचं इंग्रजी. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.

"नाही," मी म्हटलं. "तुझं नाव नाही. कोणाचंच नाही."

"म्हंजे? धुतली म्हनतात ना?"

"धुतली गेली, म्हणतात. कोणी, ते नाही."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मीच लपवते आहे. "आन् आढळलं कोनाला?"

"तेही नाही लिहिलेलं."

"मंग हे लिवलं तरी कोनी? भुतानं?"

मी तिला समजावलं. विज्ञानात असंच लिहितात. प्रयोगशाळेत मीठ कोणी टाकलं याला किंमत नसते. मी टाकलं काय, तू टाकलंस काय, निकाल तोच यायला हवा. म्हणून करणारा हात वाक्यातून काढून टाकतात आणि नुसतं जे झालं ते ठेवतात. त्यात लबाडी नाही, शिस्त आहे. आयुष्यभर मी हेच शिकवलं आणि बरोबरच शिकवलं.

"मीठ टाकायचं राहू द्या," ती म्हणाली. "हितं पोरगी दवाखान्यात हाय. माझं नाव नाय, तर लोक माझ्याकडंच का बघत्यात?"

उत्तर नसलं की मला राग येतो. मी त्याच दिवशी अश्विनला फोन करून बोलावून घेतलं. चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "त्या बाईचा धंदा बसला, आणि तुझ्या अहवालात कोणाचंच नाव नाही. कोणी केलं ते सरळ लिहायला काय झालं होतं?"

"मॅडम, अहवाल असाच लिहितात. तुम्हाला मी काय सांगू?"

"मला नकोच सांगूस. स्वयंपाकघर म्हणजे तुझी लॅब नाही. तिथे हात कोणाचा, याला किंमत असते."

त्याने कप खाली ठेवला. "नावं घालू? मग दोन घालावी लागतील. दुसरं सोमनाथचं. पहिलं तुमच्या नवसाबाईंचं."

"तिचं कशाला?"

"पाटाच्या वरच्या अंगाला नवीन कॉलन्या झाल्यात, मॅडम. त्यांचं सांडपाणी चोरून पाटात येतं. आम्ही तिच्या शेताजवळचं पाणी तपासलं. मुलींच्या पोटात जे सापडलं तेच तिथे सापडलं. तिने पाटात धुतली, सोमनाथच्या मेसमधल्या बायकांनी तशीच पोह्यांवर भुरभुरली. तिचं नाव छापलं तर उद्या पोलीस तिच्या बांधावर. म्हणून आम्ही कोणाचंच घातलं नाही. दया म्हणा हवं तर."

"आणि सोमनाथवर कसली दया? ट्रस्टींचा पुतण्या आहे म्हणून?"

"मेव्हण्याचा मुलगा," अश्विन म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी नवसाबाई आली तेव्हा मी तिला दारातच विचारलं, "पाटात धुतेस तू भाजी?"

"मंग कुठं धुऊ? तुमच्या मोरीत?" तिला प्रश्नच कळला नव्हता. "पाट सुटला की समदेच धुतात. उजाडायच्या आत सगळा गाव पाटाला असतो. जुड्या बांधायच्या, पान्यात हेलकावा द्यायचा, की माती गेली. सोमनाथच म्हनायचा, मावशी, धुऊनच आना, आमच्या बायांना येळ नसतो."

"त्या पाण्याला वास येत नव्हता?"

"यायचा. कॉलनी झाल्यापून यायचा. पन वाहतं पानी हाय ना, बाई. वाहत्या पान्याला दोष नसतो. आमची सासू म्हनायची, पानी चार पावलं गेलं की चोखाळलं. तिकडं त्र्यंबकला लोक पापं धुत्यात पान्यात, तवा कोनी वास घेत नाय. मी तर कोथिंबीर धुतली!"

मग मी अश्विनने सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. सांगताना तिच्या चेहऱ्याकडे बघायचं मी टाळलं. ती पायरीवर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"म्हंजे मीच," ती म्हणाली.

"गप्प बस," मी म्हटलं. "अर्धं तू, अर्धं तो, आणि वरचे कॉलनीवाले तिसरेच. अहवालात तुझं नाव नाही, ते तसंच राहू दे. त्या वाक्याने तुझ्या डोक्यावर छत्री धरली आहे. उगाच बाहेर येऊ नकोस."

"छत्रीत सोमनाथ हाय, बाई. मी भायेरच भिजते. त्यांनी जागा मोकळी सोडली, लोकांनी माझं नाव भरलं. त्याचं कोनी भरलं का?"

"म्हणून तू स्वतः जाऊन सांगणार? पोलीस आले म्हणजे?"

"येतील तवा येतील. तुमचं ते नाव नसलेलं लय वाईट. दारोदार कड्या लागत्यात, आन् मी भांडायचं कोनाशी?"

मी तिला मूर्ख म्हटलं. अजूनही मला वाटतं, तेव्हा मी व्यवहाराचंच बोलत होते.

त्या रविवारी वसतिगृहाच्या हॉलमध्ये पालकांची बैठक होती. नवसाबाई गेली, तिला आवरायला म्हणून मीही गेले. पालक सतरंजीवर, ट्रस्टी खुर्च्यांवर. अश्विनने अहवाल मराठीत करून वाचून दाखवला. मराठीतही तेच: घेण्यात आले, आढळून आले, वापरण्यात आली. सरकारी खात्यांच्या कृपेने आपली भाषाही या कामाला चांगली तयार झाली आहे. लोक माना डोलवत ऐकत होते, दवाखान्यात डॉक्टरचं ऐकतात तसे.

कोंडाजी उभा राहिला. सडपातळ माणूस, धुवट सदरा, हातात टोपी. "साहेब, माझी पोर अजून पाणीसुद्धा मापून पिते. डॉक्टर म्हणतो, पुढचं सांगता येत नाही. तुमी वाचलं ते कळलं. कोणी केलं, ते राहिलं का वाचायचं?"

एक ट्रस्टी म्हणाले, "समितीचा उद्देश दोष देण्याचा नाही."

"मंग कशाचा हाय?"

ट्रस्टींनी अश्विनकडे पाहिलं, अश्विनने अहवालाची पानं सारखी केली. आणि नवसाबाई उठली. मी तिचा पदर धरला, तो तिने सोडवून घेतला.

"कोथिंबीर मी धुतली," ती म्हणाली. "नवसाबाई माझं नाव. पाटाच्या पान्यात धुतली. वास येत व्हता तरी धुतली."

हॉलमध्ये एकदम कालवा झाला. सोमनाथ भिंतीपाशी उभा होता. "बघा!" तो म्हणाला. "मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो."

"आता तू सांग," नवसाबाई त्याच्याकडे वळली. "धुऊन आना म्हनलास ना? पुढं तुझ्या मेसमधी धुतली का?"

"मावशी, सकाळची गर्दी असते. राहून गेलं."

"कोनाकडून?"

"राहून गेलं म्हणतोय ना!"

"मी नाव सांगितलं माझं. तुझं तोंड दुखतंय का?"

ट्रस्टींनी बैठक आवरती घेतली. लोक उठले. मला वाटलं होतं, खरं बोललं की माणसं थोडी तरी मऊ होतात. कोंडाजी गर्दीतून वाट काढत तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"तुमी घरी तीच भाजी खाता?" त्याने विचारलं.

"तीच. तेच पानी. आमाला कधी काय झालं नाय."

"माझ्या पोरीला झालं," तो म्हणाला. "नाव कळलं तुमचं. आता त्याचं मी काय करू?"

तो टोपी घालून दवाखान्याकडे चालू लागला.

पोलीस एकदा येऊन तिचा जबाब लिहून घेऊन गेले, पुढे काही झालं नाही. कॉलनीवाल्यांकडे कोणी गेलंच नाही. वसतिगृहाच्या फळ्यावर सूचना लागली: संबंधित पुरवठादाराकडून माल घेणं बंद करण्यात आलं आहे. सोमनाथ अजून तिथेच आहे. हल्ली दारात हात धुवायचं यंत्र बसवलंय आणि त्याशेजारी उभा राहून फोटो काढून घेतो. आमच्या गल्लीत मी आणि तळमजल्यावरची अंबूबाई सोडून नवसाबाईची भाजी कोणी घेत नाही. ती आता शेजाऱ्याच्या बोअरचं पाणी बादलीने आणते. ते पुरत नाही, म्हणून जुड्या मातीसकट येतात. गावातल्या बाकीच्या बायका पाट सुटला की अजून पाटालाच जातात. ही त्यांना सांगायला गेली तर त्या म्हणाल्या, तू नाव घेतलंस म्हणून तुझं बुडालं, आमचं कशाला बुडवतेस?

मध्यंतरी मी तिला विचारलं, "झालं समाधान? काय मिळवलंस?"

"कायबी नाय," ती म्हणाली.

मग आपणहून सांगू लागली. सृष्टीला घरी सोडलंय, पण तपासणीसाठी दर पंधरवड्याला पेठहून दवाखान्यात आणतात. तो दिवस तिला वॉचमनकडून कळतो. आधी दोनदा ती गेली, तेव्हा कोंडाजीने तिच्याकडे पाठ फिरवली. ती जिन्यापाशी उभी राहिली, आणि पोर गाडीत बसेपर्यंत तशीच उभी राहून परत आली. परवा तिसऱ्यांदा गेली. पोर आत तपासायला गेली होती. कोंडाजी बाकावर एकटा. त्याने हिला पाहिलं. शेजारी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"मंग मी बसले," नवसाबाई म्हणाली.

"काय बोललात?"

"काय नाय."

"पोर कशी आहे, ते तरी विचारलंस?"

"बाई, बसू दिलं ना त्यानं," ती माझ्यावरच चिडली. "येकदम समदं कसं इचारायचं?"