बोटांवरचा हात

मित्सुए बाईंशी गप्पा मारायला वेळकाळ बघावा लागत नसे. त्या गणित करत असल्या तरी खुशाल बोलावं. ओनो गाव सोरोबानचं, म्हणजे मणी सरकवून हिशेब करायच्या पाटीचं. घरोघर त्या मण्यांच्या चौकटी बनतात आणि पोरांची बोटं अक्षरांच्या आधी मण्यांवर बसतात. पण बाईंना चौकटच लागत नसे. डोळ्यांपुढे मणी उभे राहत, उजव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर तुरुतुरु चालत, आणि त्याच वेळी तोंड भाजीवालीला मुळे जून निघाले म्हणून सुनावत असे. उत्तर बरोबर, भाजीवालीही गप्प. "बाईंच्या डोक्यात दोन भाडेकरू राहतात," असं गावात म्हणत. "एक आकडे मोजतो, एक बोलतो, आणि दोघांची ओळखसुद्धा नाही." बाईंना हे ऐकून बरं वाटायचं. का वाटू नये? पुढच्या खोलीतला त्यांचा क्लास त्याच कौतुकावर चालला होता.

या कौतुकाची किंमत मात्र तेत्सुरोंनी मोजली. तेत्सुरो म्हणजे बाईंचे यजमान, मण्यांना भोकं पाडणारे कारागीर. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या ध्यानात आलं की बायको मान हलवून "हं, बरं" म्हणते आणि दुसऱ्या दिवशी तिला त्यातलं ओ की ठो ठाऊक नसतं. ते भांडले नाहीत. महत्त्वाचं बोलायचं असलं की लाकडाच्या भुशाने माखलेला पंजा ते सरळ बायकोच्या बोटांवर ठेवत. बोटं अडली की डोक्यातले मणी कोसळत.

"अहो! झालं ना सगळं वाटोळं!"

"होऊ दे. आता ऐक."

मग त्या ऐकत.

यंदाच्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ. क्लास सुटला होता, बाई मुलांचे कागद तपासत होत्या. तेत्सुरो अंघोळीला जाता जाता दारात थांबले आणि काहीतरी बोलले. चांगली दोन-चार वाक्यं बोलले. बाई म्हणाल्या, "हं, बरं." तेत्सुरो न्हाणीत गेले, गार खोलीतून कढत पाण्यात उतरले आणि तिथेच त्यांचं हृदय बंद पडलं. म्हातारी माणसं आमच्याकडे थंडीत अशीच जातात. सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तरी पाणी कढतच लागतं.

बाई रडल्या नाहीत. दात काढायच्या आधी डॉक्टर हिरडी बधिर करतो, तसं त्यांचं आतून झालं होतं. सुईचा अंमल उतरला की दुखेल म्हणून शेजारणी वाट पाहत होत्या. बाईही पाहत होत्या. दुखेना. त्या संध्याकाळचे कागद त्यांनी पुन्हा काढून पाहिले. तपासण्यात एकही चूक नव्हती.

एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी झाला, अस्थी पुरल्या, नातेवाईक पांगले. लेक नाहो मागे राहिली. तिने बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं आणि ओसाकाला राहत होती. बापलेकीचं बोलणं कधीचं बंद होतं. कप पुसता पुसता ती म्हणाली, "आई, बाबा गेले त्या दिवशी दुपारी मी त्यांना फोन केला होता."

"तू?"

"मीच. माझं मोडलंय सगळं तिकडे. पोराला घेऊन घरी येऊ का, विचारलं. बाबा म्हणाले, 'संध्याकाळी तुझ्या आईशी बोलतो.' बोलले का?"

"काहीतरी बोलले."

"काय?"

"ठाऊक नाही गं."

"ठाऊक नाही म्हणजे? भिंतीशी बोलले का ते? मी यायला नको असेन तर तोंडावर सांग."

"मी कागद तपासत होते."

नाहोने कप खाली ठेवला. "म्हणजे तू 'बरं' म्हणालीस."

"म्हणाले."

"कशाला 'बरं' म्हणालीस, ते विचारतच नाही. धन्य आहेस." मग तिने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. "त्यांना मी यायला हवी होते का, एवढंच कळू दे मला. घर नको देऊस."

त्या रात्रीच ती परत गेली.

कोबेच्या विद्यापीठात उराबे नावाची मानसशास्त्राची संशोधक होती. मणी मनात पाहणाऱ्यांच्या परीक्षा घ्यायला ती बाईंना अधूनमधून बोलावायची. या वेळी बाईंनी स्वतःहून फोन केला आणि गेल्या. उराबेने आधी आपलं काम केलं. बेरीज करता करता बाईंना मोठ्याने महिन्यांची नावं म्हणायला लावली. उत्तर बरोबर आलं. मग बोटांनी टेबलावर एकसारखा ठेका धरायला लावला. मणी विस्कटले, उत्तर चुकलं.

"आता माझं काम," बाई म्हणाल्या. "माझ्या डोक्यातून मला एक संध्याकाळ काढून द्या."

सगळं ऐकून उराबेने पेन्सिल खाली ठेवली. "बाई, मनात कामापुरती एक छोटी फळी असते. आत्ता लागणारं तिच्यावर ठेवायचं, वापरायचं आणि पुढच्यासाठी जागा करायची. बोलण्याचा कोपरा वेगळा, चित्रांचा वेगळा; म्हणून तुम्हाला दोन्ही जमतं. पण लक्ष एकच. ते सगळं मण्यांकडे होतं. यजमानांचं बोलणं 'बरं' म्हणण्यापुरतं फळीवर टेकलं. तिथून उचलून आत कोठीत कुणी नेलंच नाही."

"म्हणजे कुठेतरी पडलंय."

"नाही, बाई. हरवलेलं शोधता येतं. हे ठेवलेलंच नाही."

परतीच्या बसमध्ये बाईंना एक गोष्ट नक्की आठवली. त्या संध्याकाळी बोटं थांबली नव्हती. तेत्सुरोंनी पंजा ठेवला नव्हता. म्हणजे महत्त्वाचं काही नसणार! त्यांना क्षणभर हायसं वाटलं. मग त्या आठवू लागल्या, पंजा शेवटचा कधी ठेवला होता? सासूबाई गेल्या तेव्हा. त्यानंतर? नाहोला मुलगा झाला ती बातमी त्यांना शेजारणीकडून कळली होती, तेत्सुरोंना विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "सांगितलं होतं मी, तिचं पत्र आलं तेव्हाच." पंजा ठेवणं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. आणि सोडून दिलं हेही बाईंच्या लक्षात आलं नव्हतं. खिडकीबाहेर शेतं चालली होती. बाई त्यांच्याकडे पाहत होत्या, आणि आत काही हलत नव्हतं.

वसंतातल्या पितरांच्या दिवसांत नाहो बापाच्या थडग्यावर पाणी घालायला आली. बाईंनी गोड डाळीत घोळवलेले भाताचे गोळे केले होते. दोघी टेबलाशी बसल्या.

"आठवलं काही?" नाहोने विचारलं.

"बाबा काय बोलले ते कधीच कळणार नाही मला. तुलाही नाही. खोटं सांगता आलं असतं, 'हो, पोरीला बोलावू म्हणाले' असं. चार वेळा जिभेवर आलं."

"मग सांगायचंस की."

"तुला पटलं असतं?"

बाईंची बोटं टेबलाच्या कडेवर चालू लागली होती. कशाची बेरीज होती कुणास ठाऊक. त्यांचं त्यांनाच ते दिसलं. त्यांनी नाहोचा हात धरला, ओढला आणि आपल्या बोटांवर दाबून ठेवला.

"हे काय गं?" नाहो म्हणाली. तिचा पंजा थेट बापासारखा रुंद होता.

"असंच धर. उचलू नकोस. त्यांना जे विचारलंस ते आता मला विचार."

नाहोने विचारलं. अडखळत, मध्ये नाक पुसत, पण हात न उचलता. पोर खोकतं, त्याला जिना चढवत नाही, तिच्या नोकरीचं काही खरं नाही, आणि मागची खोली मिळेल का.

बाई लगेच "बरं" म्हणाल्या नाहीत. "खोकला कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

रडू त्यांना तेव्हाही आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मागची खोली झाडताना लेकीचं बोलणं त्यांनी मनाशी पहिल्यापासून म्हणून पाहिलं. एक शब्द गळला नव्हता. मग केरसुणी हातात धरून त्या तेत्सुरो उभे राहिले होते त्या दाराकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.